ब्रेकची खरखर कशी शोधावी, कशी काढावी

ब्रेक दाबल्यावर चाकातून खरखर ऐकू आली, की 'रविवारी दाखवू' म्हणून गाडी तशीच हाकू नये. पॅडवरचं अस्तर संपून मागचा लोखंडी पत्रा डिस्कला भिडला असेल, तर प्रत्येक ब्रेकला डिस्क खरवडली जाते. आज पॅडच्या जोडावर भागणारं काम आठवड्याभरात डिस्कवर जातं. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की लोखंडावर लोखंड घासून गाडी हवी तिथे थांबत नाही. सपाटीवर हे चटकन लक्षात येत नाही. कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरताना येतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

इथली कृती आपल्याकडच्या नेहमीच्या छोट्या गाडीसाठी आहे: पुढच्या चाकांना डिस्क, मागच्या चाकांना ड्रम, हँडब्रेक तारेचा. पुढचे पॅड तपासणं आणि बदलणं हे हत्यारं हाताळायची सवय असलेल्याला घरी जमतं. मागचे लायनर, ब्रेकचे पाइप, मास्टर सिलिंडर ही कामं मिस्त्रीकडे द्यावीत, पण दोष कुठे आहे हे आधी आपल्याला कळलेलं असावं. नुसतं 'ब्रेक आवाज करतोय' म्हणून गाडी गॅरेजात सोडली, की बहुतेकदा नवे पॅड पडून ती परत येते. जुने पॅड लवकर का संपले हे कोणी विचारत नाही, आणि काही महिन्यांत तोच आवाज पुन्हा सुरू होतो. म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: जुने पॅड कसे झिजलेत ते पाहिल्याशिवाय नवे चढवू नका.

आधी ऐका

पाना हातात घेण्याआधी गाडी एका मोकळ्या, सपाट, रहदारी नसलेल्या रस्त्यावर न्या. काचा खाली, रेडिओ आणि पंखा बंद. शेजारी कोणीतरी जाणता माणूस बसवला तर उत्तम, कारण डाव्या पुढच्या चाकाचा आवाज चालकाच्या जागेवरून नीट कळत नाही. कंपाउंडच्या भिंतीला लागून हळू गाडी चालवली, तर आवाज भिंतीवरून परत येतो आणि बाजू ओळखायला सोपं जातं.

आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो हे महत्त्वाचं. वेग वीस-पंचवीसचा ठेवा आणि ब्रेक हलका दाबा. दाबताच खरखर सुरू झाली, सोडताच थांबली, आणि पायाखाली पेडलमध्येही खरबरीतपणा जाणवला, तर पॅड संपलेत असं समजून चालायला हरकत नाही. त्याआधी काही दिवस बारीक, कानात घुसणारी चीं-चीं येत होती का, हेही आठवून पाहा. बऱ्याच पॅडना एक लहानशी लोखंडी जीभ बसवलेली असते. अस्तर दोन-तीन मिलिमीटर उरलं की ती डिस्कला टेकते आणि मुद्दाम किंचाळते. ती चीं-चीं म्हणजे सूचना होती. खरखर म्हणजे सूचनेची वेळ टळून गेली.

ब्रेक दाबलेला नसतानाही सतत पत्रा घासल्यासारखा आवाज येत असेल, तर बहुधा पॅडचा संबंध नसतो. डिस्कच्या मागे एक पातळ पत्रा असतो, चिखलपाण्यापासून आडोसा म्हणून. खडीच्या रस्त्यावरून गेल्यावर त्या पत्र्यात आणि डिस्कमध्ये एखादा खडा अडकतो आणि भयंकर आवाज करतो. कोकणात, जिथे गावातले रस्ते अजून जांभ्या खडीचे आहेत, तिथे हा प्रकार नेहमीचा. गाडी थोडी मागेपुढे केली, की कधी खडा आपसूक पडतो. नाही पडला, तर चाक काढून लांब स्क्रू ड्रायव्हरने पत्रा जरासा मागे दाबायचा, खडा काढायचा, आणि पत्रा डिस्कला कुठे टेकत नाही हे फिरवून पाहायचं. पाच रुपयांचा भाग न घेता काम होतं. एवढ्यावरून कोणी डिस्क बदलायला सांगितली, तर आधी पत्रा दाखवा म्हणावं.

ब्रेकशी संबंध नसलेली, वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर असेल आणि वळणावर ती कमी-जास्त होत असेल, तर व्हील बेअरिंगकडे पाहा. डाव्या वळणावर वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा घरघर वाढली, तर उजव्या बेअरिंगवर संशय घ्यावा.

मागचा आवाज वेगळा काढायची एक सोपी युक्ती आहे. मोकळ्या जागेत माणूस चालेल त्याहून थोड्या जास्त वेगाने गाडी सोडा, पाय ब्रेकवरून पूर्ण काढा, हँडब्रेकचं बटण अंगठ्याने दाबून धरूनच दांडा हळूहळू वर ओढा. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. तेव्हाच खरखर आली, तर दोष मागच्या ड्रममध्ये. हे ओल्या रस्त्यावर किंवा वेगात करू नये, मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते.

दोन आवाज असे आहेत की त्यांची काळजी नको. पावसाळ्यात, आणि समुद्रकाठच्या गावांत बारा महिने, रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंजाची तांबूस साय धरते. डिस्क बिडाची असते, तिला गंजायला एक रात्र पुरते. सकाळी पहिले तीन-चार ब्रेक खरखरतात आणि नंतर आवाज बंद होतो. तो बंद झाला नाही, तरच पुढे जा. दुसरा आवाज एबीएसचा. भारतात एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना तो सक्तीचा आहे. निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरतं आणि पुढून करकर येते. ती यंत्रणा आपलं काम करत असते, घाबरून पाय उचलू नये. मात्र कोरड्या रस्त्यावर, अगदी थांबताना, हलक्या ब्रेकलाही अशी थरथर येऊ लागली, तर चाकाजवळच्या सेन्सरवर घाण बसली असेल किंवा त्याची वायर दुखावली असेल. तेही चाक काढल्यावर पाहून घ्या.

प्रवासात मध्येच लोखंडी खरखर सुरू झाली, तर घाट उतरायला घेऊ नका. सपाटीवर असाल तर वेग चाळीसच्या आत ठेवून, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवून, गिअर खाली घेत घेत जवळचं गॅरेज गाठा. घाटमाथ्यावर असाल तर तिथेच थांबून मिस्त्री बोलावणं शहाणपणाचं. पेडल मऊ पडलं असेल, खाली जात असेल किंवा चाकाच्या आतल्या बाजूला ओलं दिसत असेल, तर गाडी एक मीटरही हलवू नका.

काय काय लागेल

गाडीचा जॅक आणि चाकाचा पाना तर असतोच. त्याशिवाय एक घोडी हवीच, म्हणजे गाडी टेकवायचा पोलादी स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीला हात लावू नये, हा नियम कधीही मोडू नका. जॅक घसरायला कारण लागत नाही. कॅलिपरच्या बोल्टसाठी बॉक्स पाने, बहुतेक छोट्या गाड्यांना १२, १३ किंवा १४ नंबरचा चालतो. पिस्टन मागे दाबायला सुताराचा सी-क्लॅम्प, कॅलिपर टांगायला जाड तार, तारेचा ब्रश, ब्रेक क्लीनरचा डबा, जुनी फडकी, बॅटरी, आणि ब्रेकसाठीच बनवलेलं सिलिकॉनचं ग्रीस. बेअरिंगचं पिवळं ग्रीस इथे वापरू नका. त्यातल्या खनिज तेलाने पिनांचे रबरी बूट फुगतात, आणि फुगलेला बूट पिन धरून ठेवतो. मग नवे पॅड दोन महिन्यांत संपले तर नवल नाही.

पॅड घेताना गाडीचं मॉडेल, साल आणि इंजिन सांगा, जमलं तर जुना पॅड हातात घेऊनच दुकानात जा. एकाच नावाच्या गाडीत सालानुसार पॅडचा आकार बदलतो. बिल घ्या, कारण ब्रेकच्या भागांत नकली माल बराच येतो आणि बिल न देणारं दुकान टाळलेलं बरं.

तोंडाला मास्क बांधा. पॅडची धूळ फुंकायची नाही, कंप्रेसरच्या हवेने उडवायची नाही, ब्रेक क्लीनर मारून ओली करून पुसायची. या काळजीचं कारण जुनं आहे. डिस्क ब्रेकचं पेटंट इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली घेतलं, तेव्हा त्यांचे पॅड तांब्याचे होते आणि किंचाळणं इतकं होतं की लोक वैतागत. १९०७ च्या सुमारास हर्बर्ट फ्रूड यांनी अॅस्बेस्टॉसचं अस्तर लावायची कल्पना काढली आणि आवाज गेला, पण त्या धुळीने पुढे कित्येक कामगारांची फुप्फुसं गेली. आजच्या चांगल्या पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस नसतं. तुमच्या गाडीत आधीच्या मालकाने काय बसवलंय हे मात्र तुम्हाला माहीत नाही.

चाक काढून पाहणं

गाडी सपाट, टणक जमिनीवर लावा. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडाच्या उट्या लावा. चाकाचे नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करायचे, मग जॅक लावायचा. जॅकची जागा गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेली असते. दुसरीकडे लावला तर पत्रा दबतो. गाडी उचलून घोडी खाली सरकवा, वजन घोडीवर टेकवा, मग पुढे दिलेली तपासणी करून चाक काढा. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा, म्हणजे काही बिघडलंच तरी गाडी चाकावर पडेल.

चाक काढण्याआधी ते दोन्ही हातांनी वर-खाली धरून हलवा. खळखळ जाणवली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. मग गिअर न्यूट्रलला घेऊन फिरवून पाहा. पॅड डिस्कला हलकेसे टेकून असतात, त्यामुळे सूं-सूं आवाज येणं ठीक. हाताने फिरवायला जोर लागत असेल, तर ब्रेक सुटत नाहीये, आणि तो का सुटत नाही याच्याकडे आपण येतोच.

आता डिस्क पाहा. तिच्या पृष्ठावरून बोटाचं नख आतून बाहेर ओढा. बारीक रेषा चालतात. नख अडकेल इतक्या खोल चरा चालत नाहीत. निळसर डाग दिसत असतील, तर ती तापून गेली आहे. डिस्कच्या बाहेरच्या कडेला, ताटाच्या काठासारखा, एक उंचवटा तयार झालेला असतो. पॅड तिथवर पोचत नाही म्हणून तेवढा भाग न झिजता उभा राहतो. हा काठ किती उंच आहे यावरून झीज कळते. नेमकी जाडी मोजायची तर व्हर्निअर लागतो, पण व्हर्निअरचे जबडे थेट लावले तर ते त्या काठावर टेकतात आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दिसते. दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरा, नाण्यांवरून माप घ्या, आणि नाण्यांची जाडी वजा करा. डिस्कच्या टोपीवर किंवा कडेवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. तो नव्या डिस्कपेक्षा सहसा दोनेक मिलिमीटर कमी असतो. माप त्याच्या खाली गेलं असेल, तर डिस्क लेथवर घासून घेण्यात अर्थ नाही, बदलावीच लागते. वर असेल आणि चरा उथळ असतील, तर चांगल्या टर्नरकडे फेसिंग करून मिळते, पण फेसिंगनंतरही जाडी त्या आकड्याच्या वरच राहायला हवी, हे आधी बोलून घ्या.

मग बॅटरी लावून पॅड पाहा. इथे बरेच जण फसतात. कॅलिपरच्या खिडकीतून बाहेरचा पॅड स्पष्ट दिसतो, त्याच्यावर चार-पाच मिलिमीटर अस्तर दिसतं, आणि 'पॅड आहेत अजून' म्हणून चाक परत चढतं. खरखर मात्र आतल्या पॅडची असते. तो पिस्टनच्या बाजूला, डिस्कच्या आड असतो आणि खाली वाकून, आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा आत घालूनच दिसतो. मी तर फोटोच काढायला सांगेन: आधी बाहेरच्या पॅडचा, मग आतल्याचा, दोन्ही चाकांचे. चार फोटो शेजारी ठेवले की झिजण्यातला फरक कळतो आणि मिस्त्रीशी बोलतानाही उपयोगी पडतो. अस्तर तीन मिलिमीटर किंवा कमी उरलं असेल, तर पॅड बदला. पत्र्याची जाडी त्यात धरू नका.

पॅड काय सांगतात

आपल्या गाड्यांचा कॅलिपर एकाच पिस्टनचा असतो. पेडल दाबलं की पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर रेटतो. तोच रेटा उलट्या दिशेने कॅलिपरच्या अंगावर पडतो, ते दोन पिनांवरून सरकतं आणि बाहेरच्या पॅडला ओढून घेतं. पेडल सोडल्यावर पिस्टनभोवतीची चौकोनी रबरी रिंग, जी दाबताना किंचित पिळली गेलेली असते, सरळ होते आणि पिस्टनला केसभर मागे घेते. सगळा खेळ या केसभर मागे येण्याचा आणि पिनांवरून मोकळं सरकण्याचा आहे.

दोन्ही पॅड सारखे झिजले असतील आणि गाडी बरीच चालली असेल, तर ती नैसर्गिक झीज आहे. पॅड बदला आणि झालं. आतला पॅड पूर्ण गेलाय आणि बाहेरचा निम्मा शिल्लक आहे, तर एकतर पिना सुकल्या आहेत किंवा पिस्टन मागे येत नाहीये. एकच पॅड एका टोकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी, असा तिरका झिजलाय, तर दोनपैकी एक पिन अडकली आहे. बाहेरचाच जास्त गेला असेल, तरी पहिला संशय पिनांवर. आणि उजवं चाक ठीक, डावं मात्र पूर्ण संपलेलं, असा फरक असेल, तर डाव्या बाजूला ब्रेक सुटतच नाही. ड्रायव्हिंग करताना गाडी एका बाजूला ओढत होती का, त्या चाकाची रिम जास्त काळी होत होती का, तापल्यावर जळका वास येत होता का, हे सगळं आता जुळू लागतं.

खालच्या पिनचा बोल्ट काढा. बहुतेक गाड्यांत एवढ्यावर कॅलिपर वरच्या पिनवर दारासारखा वर उचलता येतो. तो पूर्ण काढावा लागला, तर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा. ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नका, ती आतून तुटते आणि बाहेरून कळतही नाही. पॅड बाहेर काढताना कुठला आतला, कुठला बाहेरचा, हे मागे खडूने लिहून ठेवा.

आता दोन्ही पिना बोटांनी ओढून पाहा. नीट पिन रबरी बुटातून तेलकट, चुळूक आवाज करत बाहेर येते आणि आत ढकलली की आपोआप थोडी परत येते. वाईट पिन वळवूनसुद्धा निघत नाही, आणि निघाली की तिच्या अंगावर तपकिरी, कोरडी भुकटी असते, मधे गंजाचा खडबडीत पट्टा असतो. खूप गाड्यांच्या खरखरीचं मूळ या पट्ट्यात असतं. पिन तारेच्या ब्रशने आणि बारीक पॉलिश पेपरने साफ करा, ती बसते ते भोक फडकं गुंडाळलेल्या काडीने पुसा, फाटलेले बूट बदला, आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर देऊन पिन बसवा. खूप ग्रीस भरू नका, आत हवा कोंडून पिन परत बाहेर येते. पिनवर खड्डे पडले असतील तर ती नवीच घ्या, किंमत फार नसते. दोन पिना सारख्या नसतील, एकीवर रबरी रिंग असेल, तर त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका.

पिस्टन तपासायची पाळी यानंतरची. इंजिनच्या खोलीत मास्टर सिलिंडरवरच्या डब्याचं झाकण उघडा आणि भोवती फडकं गुंडाळा. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग सोलला जातो. जुना पॅड पिस्टनसमोर ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश दाबा. तो एकसारख्या हलक्या जोराने मागे गेला, तर ठीक. अडखळत गेला किंवा गेलाच नाही, तर लागलीच पिस्टनला दोष देऊ नका. कॅलिपरवरचा हवा काढायचा निपल, त्यावर पारदर्शक नळी आणि बाटली लावून, पाव फेरा ढिला करा. आता पिस्टन सहज मागे गेला, तर पिस्टन चांगला आहे, आतला दाब अडकून राहत होता. रबरी नळी आतून फुगली असेल किंवा मास्टर सिलिंडर ऑइल परत घेत नसेल. निपल ढिला करूनही पिस्टन हलला नाही, तर तो गंजून जाम झालाय, कॅलिपर उघडावा लागेल. ही दोन्ही कामं इथून पुढे मिस्त्रीची, पण आता तुम्ही त्याला नेमकं सांगू शकता. निपल ढिला केला असेल, तर शेवटी त्या चाकातली हवा काढून घ्यावीच लागते, हेही लक्षात ठेवा. कॅलिपर सुटा असताना कोणी पेडल दाबू नये, पिस्टन बाहेर पडेल. मुलं गाडीत बसली असतील तर त्यांना उतरवा.

मागच्या चाकांनाही डिस्क असलेल्या गाड्यांत काही पिस्टन दाबून जात नाहीत, फिरवत आत न्यावे लागतात. बटणाचा हँडब्रेक असलेल्या गाडीत तर आधी यंत्रणेला दुरुस्तीच्या स्थितीत न्यावं लागतं. तिथे क्लॅम्प लावून जोर करू नये.

नवे पॅड बसवणं

पॅड ज्या खाचांत बसतात तिथल्या पातळ स्टीलच्या पट्ट्या काढून, खाली साठलेला गंज ब्रशने खरवडा. पावसाळ्यानंतर हा गंज फुगून पट्टीला वर उचलतो आणि नवा पॅड घट्ट बसतो. पॅड बोटाच्या जोराने खाचेत सरकला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवावा लागत असेल, तर बसवू नका, गंज काढा. पॅडच्या कानांवर आणि पाठीवर, जिथे पिस्टन टेकतो तिथे, ब्रेकच्या ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. अस्तरावर किंवा डिस्कवर ग्रीसचा बोटभर डागही नको. पडलाच तर क्लीनरने लगेच धुवा. नवी डिस्क असेल तर तिच्यावर गंज धरू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते आधी दोन्ही बाजूंनी धुऊन काढा, आणि हबचा गंजही साफ करा. हबवर गंजाची एक खपली राहिली तरी डिस्क डुलते आणि पेडल थरथरू लागतं.

झीज सांगणारी लोखंडी जीभ सहसा आतल्या पॅडवर येते. संचाच्या खोक्यावर दाखवलेली बाजू पाहून बसवा. कॅलिपर खाली आणा, बोल्ट आधी हाताने आटे धरेपर्यंत फिरवा, मग पुस्तिकेतल्या टॉर्कने घट्ट करा. चाक चढवा, नट समोरासमोरचे धरत टप्प्याटप्प्याने आवळा, आणि शेवटचा आवळा गाडी जमिनीवर आल्यावर टॉर्क पान्याने द्या. छोट्या गाड्यांत चाकाच्या नटांचा आकडा साधारण शंभर न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. नेमका आकडा पुस्तिकेतून घ्या.

आता दुसरं चाक. एका बाजूचे पॅड चांगले दिसले तरी दोन्ही बाजू एकदमच बदलायच्या, नाहीतर गाडी ब्रेकला एका बाजूला ओढते.

सगळं झाल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, पेडल हळूहळू, टणक लागेपर्यंत दाबत राहा. पिस्टन आपण मागे ढकललेला आहे, त्यामुळे पहिल्या काही दाबांना पेडल थेट खाली जातं. हे विसरून गाडी गिअरमध्ये टाकली तर पहिला ब्रेक लागणारच नाही आणि गाडी समोरच्या भिंतीत जाईल. मग डब्यातल्या ऑइलची पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का पाहा. घालायचं तर झाकणावर लिहिलेलं डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद डब्यातलं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि पाणी मिसळलं की त्याचा उकळबिंदू उतरतो. कोरड्या डॉट ३ ची किमान मर्यादा २०५ अंश सेल्सिअस, पाणी शोषलेल्याची १४० अंश. घाटात लांब उतारावर डिस्क तापते, ऑइल उकळतं आणि पेडल एकाएकी मऊ पडतं. दर दोन वर्षांनी ऑइल बदलून घ्या, आपल्या दमट किनाऱ्यावर तर नक्कीच.

मागचे ड्रम

हँडब्रेकच्या चाचणीत मागून आवाज आला असेल, तर मागचे लायनर पाहावे लागतात. मागचं चाक उचलण्याआधी उट्या पुढच्या चाकांना लावायच्या, आणि हँडब्रेक सोडायचा. त्याशिवाय ड्रम निघत नाही. अनेक ड्रमवर आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यांत ८ मिलिमीटरचे बोल्ट एकाआड एक आवळत नेले की ड्रम न ठोकता बाहेर येतो. मधे मोठा नट असेल तर बेअरिंग ड्रममध्येच आहे, ते काम गॅरेजला द्या. आत रिवेट घासलेले दिसले, लायनर पत्र्यावरून सुटलेलं दिसलं, तर खरखरीचं कारण तेच. आत सगळं ओलं, काळं, चिकट असेल, तर व्हील सिलिंडर गळतोय. अशा वेळी नुसते लायनर बदलून उपयोग नाही, सिलिंडर बदलल्याशिवाय नवं लायनरही तेल पिऊन निकामी होतं. आणि हँडब्रेकचा दांडा बराच वर येत असेल, तर तार लगेच ताणू नका. लायनर संपत आल्याचंही ते लक्षण असतं.

रस्त्यावर

पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर. साठच्या वेगावरून वीसपर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा, मधे प्रत्येक वेळी अर्धा-एक किलोमीटर जाऊ द्या. यात पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसतात. लगेच करकचून ब्रेक मारले तर अस्तराचा पापुद्रा वरच्या वर जळून गुळगुळीत होतो आणि मग ते कायम ओरडतं. पहिले दोन-तीनशे किलोमीटर घाट टाळता आला तर टाळा.

फेरीनंतर उतरून दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न्या, रिमला न लावता. दोन्हीकडे सारखी ऊब हवी. एक बाजू खूप जास्त तापली असेल, तर तिथली पिन किंवा पिस्टन अजून मोकळा नाही. चाकाच्या नटांवर शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा टॉर्क पाना फिरवा.

एवढं करूनही खरखर राहिली, तर बहुधा तीनपैकी एक गोष्ट असते. काम करताना मागचा पातळ पत्रा वाकून डिस्कला टेकला असेल, हे सर्वांत जास्त वेळा होतं आणि चाक काढून हाताने सरळ करता येतं. जुन्या डिस्कच्या त्या उंच काठावर नव्या पॅडची कड चढत असेल, म्हणजे डिस्क फेसिंगला द्यावी लागेल किंवा बदलावी लागेल. किंवा पॅड दिसायला तसाच पण दुसऱ्याच मॉडेलचा असेल, तो जुन्यावर ठेवून जुळवून पाहा आणि बिलासकट दुकानात परत न्या.